कोडिंग शिकवायचंच असेल, तर आधी नावं शिकवा



तुमच्या वर्गात एकाच नावाची आणि एकाच आडनावाची दोन मुलं आली तर हजेरी घेताना तुम्ही काय करता? आपल्या खान्देशात हे नेहमीचंच आहे. निम्मं गाव एका आडनावाचं, आणि एखाद्या वर्षी एखादं नाव गाजलं की त्या वर्षी जन्मलेली चार-पाच पोरं त्याच नावाची. मग आपण वडिलांचं नाव जोडतो. नाहीतर मुलंच तोडगा काढतात, एक 'मोठा', एक 'बारका', एक 'वरच्या गल्लीतला'. कागदोपत्री मात्र जनरल रजिस्टरचा नंबर असतो आणि तो दोघांचा कधीच सारखा नसतो. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला चुकीच्या मुलाच्या हातात पडत नाही.

ही गोष्ट आज काढली कारण पालकसभेत आता एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोराला कोडिंगचा क्लास लावू का?" २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगच्या कृती घ्याव्यात असं म्हटलं आहे, त्यामुळे प्रश्न येणारच. जाहिराती तर तिसरी-चौथीपासूनच बोलावतात. माझं मत विचाराल तर क्लास लावा की नका लावू, तो नंतरचा विषय. पण शिकवणारा मुलाला पहिल्या महिन्यात काय शिकवतो ते बघा. पडद्यावर मांजर पळवायला शिकवलं आणि 'नाव' म्हणजे काय हे शिकवलंच नाही, तर पाया कच्चा राहतो. एक नाव कुठपर्यंत चालतं, कुठे संपतं, दुसऱ्याचं नाव आपल्या हातून तुडवलं जाऊ नये म्हणून काय करायचं, हे कोडिंगमधलं खरं शिकणं आहे. मोठ्या माणसांच्या संगणकभाषांनाही हे नीट जमायला बरीच वर्षं लागली. त्यांनी त्या शिस्तीला नाव दिलं 'हायजीन', म्हणजे स्वच्छता. हँडवॉश स्टेशनवर मुलांच्या रांगा लावणाऱ्या आपल्याला हा शब्द नवा नाही. फक्त इथे हात नाही, नावं स्वच्छ ठेवायची आहेत.

आता थोडं सविस्तर सांगते. कंटाळू नका, संगणक न येणाऱ्यालाही समजेल असंच आहे.

संगणकभाषेत 'मॅक्रो' नावाची सोय असते. मॅक्रो म्हणजे साचा. तुम्ही एकदा साचा लिहून ठेवायचा, आणि मग जिथे तुम्ही साच्याचं नाव लिहाल तिथे संगणक आतला सगळा मजकूर आणून चिकटवतो. मधल्या रिकाम्या जागांत तुमच्या वस्तू भरतो. आपण नाही का, गणिताच्या उदाहरणाचा एकच नमुना करून ठेवतो आणि दरवर्षी त्यात मुलांची नावं आणि आकडे बदलतो? तसंच.

दोन पेल्यांचा खेळ आपण सगळ्यांनी वर्गात घेतलेला आहे. एका पेल्यात दूध, दुसऱ्यात ताक. अदलाबदल करायची तर तिसरा रिकामा पेला लागतो. हीच गोष्ट संगणकाला सांगायची तर साचा असा होईल:

तात्पुरता = पहिला
पहिला = दुसरा
दुसरा = तात्पुरता

'पहिला' आणि 'दुसरा' या रिकाम्या जागा. 'तात्पुरता' हा साच्याच्या आतला तिसरा पेला. एका शिक्षकाने तोंडी परीक्षेचे गुण आणि लेखी परीक्षेचे गुण चुकून उलट भरले. त्याने हा साचा वापरला, काम झालं. मग दुसऱ्याने वापरला. पण या दुसऱ्याने आपल्या फाईलमध्ये अजून पक्के न झालेले तोंडीचे गुण ज्या जागी ठेवले होते, त्या जागेला आधीच नाव दिलं होतं 'तात्पुरता'. त्यात ५ होते, लेखीत ९ होते. साचा चिकटला तेव्हा काय झालं बघा:

तात्पुरता = तात्पुरता
तात्पुरता = लेखी
लेखी = तात्पुरता

पहिल्या ओळीत काहीच घडलं नाही. दुसऱ्या ओळीत ५ पुसले गेले आणि ९ आले. तिसऱ्या ओळीत ९ चे ९ राहिले. दोन्हीकडे ९! मुलाचे ५ गुण कुठे गेले? कुठेच नाहीत. वाईट म्हणजे संगणक काहीच बोलत नाही, लाल अक्षरात चूक दाखवत नाही. साचा लिहिणारा म्हणेल माझा साचा बरोबर आहे, वापरणारा म्हणेल माझी फाईल बरोबर आहे, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत आहेत. दोन घरांत एकच नाव होतं आणि मधली भिंत पाडली गेली, एवढंच घडलंय. याला 'नाव पकडलं जाणं' म्हणतात. साच्याच्या आतल्या नावाने बाहेरच्याचं नाव पकडलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे मॅक्रो लिहितो? अहो, एप्रिल महिना आठवा. निकालपत्रकाची एक्सेल फाईल कोणीतरी हौशी शिक्षक तयार करतो, ती केंद्रातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, तिथून तालुकाभर फिरते. आकारिक मूल्यमापनाची शीट एकाची, संकलितची दुसऱ्याची, वर्णनात्मक नोंदींची तिसऱ्याची, आणि आपण त्या सगळ्या एका फाईलमध्ये गोळा करतो. एक्सेलमध्ये एखाद्या रकान्याला किंवा रकान्यांच्या गटाला नाव देता येतं. समजा, दोन्ही फाईलींत 'टोटल' असं नाव आहे. एकीत ते आकारिकच्या बेरजेचं, दुसरीत वर्षाच्या एकूण गुणांचं. पहिल्या फाईलमधली शीट दुसरीत कॉपी करायला गेलं की एक्सेल थांबतं आणि इंग्रजीत विचारतं, की हे नाव इथे आधीच आहे, इथलंच वापरू का, 'यस' की 'नो'? 'नो' म्हटलं तर येणाऱ्या नावाला नवं नाव द्यायची सोय मिळते.

घाईत बहुतेक लोक 'यस' दाबतात. 'यस' म्हणजे होकार, होकार दिला की काम पुढे सरकतं, अशी आपली समजूत. पण इथे 'यस' म्हणजे 'पाहुण्याच्या शीटमधली सूत्रंही आता घरच्या टोटलकडेच बघतील'. वरच्या पेल्यांच्या खेळात झालं तेच. 'नो' म्हणजे पाहुण्याचं नाव बदला, म्हणजे तो आपल्या आकड्यांकडेच बघत राहील. आपल्यापैकी कोणाला संगणकशास्त्र शिकायचं नसलं तरी ही एक खिडकी वाचता आली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. वर्षभर मूल्यमापन करायचं, आणि शेवटी एका न वाचलेल्या प्रश्नाने श्रेणी बदलायची, हे बरोबर नाही.

संगणकवाल्यांनी यावर आधी काय केलं? आपण करतो तेच. लिस्प नावाच्या भाषेत १९६३ साली मॅक्रो आले, आणि लोक साच्यातल्या नावांना मुद्दाम विचित्र नावं देऊ लागले, जेणेकरून दुसऱ्या कोणी ते नाव ठेवलेलं नसेल. 'तात्पुरता' ऐवजी 'तात्पुरता-माझा-हात-लावू-नका' असलं काहीतरी. पण विचित्र नाव दुसऱ्यालाही सुचू शकतंच ना. म्हणून मग यंत्रालाच सांगितलं, की दर वेळी एक कोरं करकरीत नाव तू तयार कर, जे आजपर्यंत कुठेच वापरलेलं नाही. माणसाने कधी बोटांनी टाइप केलंच नसतं असं नाव, मध्ये चिन्हं, शेवटी आकडा.

हे वाचून तुम्हाला काही आठवतंय का? २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी. (१९९८ पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता, त्यामुळे धुळेकरांनीही थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) आधारचा बारा आकडी नंबर म्हणजे तरी काय? नावं सारखी असतात, गावं सारखी असतात, म्हणून प्रत्येकाला असा एक नंबर, जो दुसऱ्या कोणाचाच नाही. घरी त्या नंबरने कोणी हाक मारत नाही. घरात आपलं नाव आपलंच राहतं. पण जिथे सगळी गावं एकत्र येतात तिथे नंबर बोलतो. साच्यातल्या कोऱ्या नावाचं काम अगदी हेच आहे.

तरीही एक अडचण उरली. कोरं नाव मागायचं की नाही हे साचा लिहिणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर होतं. विसरला की संपलं. १९८६ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या यूजीन कोलबेकर, डॅनियल फ्रीडमन, मथायस फेलायझन आणि ब्रूस डूबा या चौघांनी एक शोधनिबंध मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही स्वच्छता माणसाच्या आठवणीवर सोडू नका, भाषेनेच ती आपोआप पाळावी. साच्याने आणलेली नावं साच्याचीच राहतील आणि वापरणाऱ्याची नावं वापरणाऱ्याचीच. पुढे १९९८ च्या अहवालात स्कीम नावाच्या भाषेचा हा नियमित भाग झाला. १९६३ ते १९९८, पस्तीस वर्षं! सी भाषेतले मॅक्रो तर आजही नुसतेच चिकटवणारे आहेत. आणि आपण आठ वर्षांच्या मुलाने हे एका सुट्टीच्या शिबिरात उचलावं अशी अपेक्षा ठेवतो.

इथपर्यंत झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती थेट आपल्या वर्गात घुसते.

ज्युलिया नावाची एक भाषा आहे, २०१२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्या चार निर्मात्यांपैकी एक विरल शहा. आधारच्या कामातही त्यांचा सहभाग होता आणि नंदन निलेकणींबरोबर त्यांनी 'रिबूटिंग इंडिया' हे पुस्तक लिहिलं आहे. या ज्युलियात साच्याच्या आतल्या नावांना भाषा आपोआप कोरी नावं देते. पण साच्यात वापरणाऱ्याने जे भरलेलं असतं, त्याचं काय करायचं? समजा, एखादं काम करायला किती वेळ लागला हे मोजणारा साचा आहे. त्याच्या आत घड्याळ बघणारी एक कृती आहे, तिचं नाव 'वेळ'. आणि तुम्ही त्याला मोजायला जे काम दिलं त्याचंही नाव तुम्ही 'वेळ' ठेवलंय, म्हणजे तुमच्या शाळेचं वेळापत्रक तयार करणारी कृती. तुमचा 'वेळ' तुमच्या अर्थाने चालला पाहिजे. साच्याने तो आपल्या घड्याळाचा 'वेळ' समजून चालवला तर मोजमाप भलत्याचंच होईल.

म्हणून ज्युलियात साचा लिहिणाऱ्याला त्या भरलेल्या मजकुरावर एक खूण करावी लागते, तिला 'एस्केप' म्हणतात. अर्थ असा: 'हा मजकूर माझा नाही. याचा अर्थ माझ्या घरात शोधू नका. ज्याने दिला त्याच्या घरात जाऊन शोधा.' ती खूण केली की वापरणाऱ्याचे शब्द साच्याच्या नियमांतून मोकळे सुटतात आणि आपल्या मूळ अर्थाने वाचले जातात. खूण विसरली की कधी 'असं नाव सापडत नाही' अशी तक्रार येते, आणि कधी साच्याच्या घरात त्याच नावाचं दुसरंच काहीतरी सापडून गपचूप चुकीचं उत्तर येतं. नवख्यांची इथे चांगलीच पंचाईत होते. काहींना ही खूण म्हणजे उगाच डोकेदुखी वाटते, स्कीमसारखं सगळं आपोआप व्हावं असं ते म्हणतात. मला मात्र शिकवण्याच्या दृष्टीने ज्युलियाची रीत आवडते. परवानगी डोळ्यांना दिसते. दुसऱ्याच्या नावाला हात लावायचा असेल तर तसं कागदावर उघड लिहावं लागतं.

आता वर्गात या. आंतरजिल्हा बदलीने आमच्या भागात आलेल्या एका सरांनी दुसरीच्या वर्गात विचारलं, बारा केळी होती, सात विकली, उरली किती? एक चुणचुणीत पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, उत्तर पाच शे." सरांनी मान हलवली, "पाचशे? बारामधून सात गेले तर पाचशे उरतील का? बस खाली."

खान्देशातले वाचक हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगते: अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. "उत्तर पाच शे" म्हणजे "उत्तर पाच आहे". मुलीचं गणित बरोबर होतं, आणि वाक्यही. सरांचंही मराठी चुकलं नव्हतं, त्यांच्या घरात 'शे' म्हणजे शंभर. शब्द एकच, घरं दोन. सरांनी मुलीचा शब्द आपल्या घरात नेऊन वाचला. त्यावर 'एस्केप'ची खूण करायची राहिली.

पेल्यांच्या खेळात ५ गुण गेले. इथे काय गेलं ते मोजता येत नाही, पण त्या वयाची मुलगी दोन-तीनदा अशी खाली बसली की चौथ्यांदा हात वर करत नाही हे आपण सगळे जाणतो. जळगाव-धुळ्याच्या खेड्यातलं मूल घरातून अहिराणी, लेवागणबोली, पावरी, भिली, नाहीतर गुजर बोली घेऊन येतं. पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत. पाठ्यपुस्तक हा आपला साचा आहे, त्याच्याशिवाय चालणार नाही, चालावं असं मी म्हणतही नाही. पण साच्यात मूल जे भरतं ते मुलाच्या घरच्या अर्थाने वाचायचं, ही शिस्त शिक्षकाची. 'शे' ऐकू आलं की आधी विचारायचं, "शे म्हंजे काय शे?" एवढं पुरतं. मग प्रमाण मराठीतला 'आहे' शेजारी लिहून द्यावा, दोन्ही फळ्यावर राहू द्यावेत. बोलीला शुद्ध करण्याच्या नावाखाली तिचे शब्द पुसणं ही स्वच्छता नव्हे. संगणकशास्त्रातला 'स्वच्छता' हा शब्द मला याच कारणासाठी आवडला. तिथे स्वच्छता म्हणजे कोणाला काढून टाकणं नाही. दोघांनाही आपापल्या जागी नांदू देणं म्हणजे स्वच्छता.

आता क्लासबद्दल. बऱ्याच ठिकाणी मुलांना स्क्रॅच शिकवतात, आणि ते चांगलंच साधन आहे, फुकटही आहे. त्यात नवा चल तयार करताना एक प्रश्न विचारला जातो: हा चल सगळ्या पात्रांसाठी, की फक्त याच पात्रासाठी? मुलं (आणि शिकवणारेही) पहिलाच पर्याय ठेवून पुढे जातात. मग मांजराचे 'गुण' आणि उंदराचे 'गुण' एकच होऊन बसतात. मांजराने उडी मारली की उंदराचे गुण वाढतात. मुलाला वाटतं संगणक बिघडला. ही वेळ फार मोलाची आहे. शिकवणाऱ्याने पटकन माऊस हातात घेऊन दुरुस्त करू नये. मुलालाच विचारावं, "हे गुण कोणाचे?" स्क्रॅचमध्ये स्वतःचा ब्लॉकही तयार करता येतो, तो एक प्रकारे आपला साचाच. पण त्या ब्लॉकच्या आत वापरायला ठेवलेला 'तात्पुरता' हा चल ब्लॉकपुरता बंदिस्त राहत नाही, बाहेरूनही कोणीही तो बदलू शकतो. म्हणजे वरचा पेल्यांचा घोळ स्क्रॅचमध्ये मुलांना हाताने करून बघता येतो. सहावी-सातवीच्या मुलांकडून तो मुद्दाम करून घ्यावा.

तर पालकांनो, क्लासवाल्याला फी विचारण्याआधी एवढं विचारा: "दोन पात्रांना एकाच नावाचा चल दिला तर काय होतं, हे मुलांना कसं दाखवता?" तो प्रमाणपत्राबद्दल बोलू लागला तर तुमचं तुम्ही ठरवा.

आणि संगणकच नसेल तर? आपल्या कित्येक शाळांत एक संगणक, त्यातही वीज असली तर. काही बिघडत नाही. पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात 'बीजगणिताची पूर्वतयारी' हा पाठ मी शिकवत आले आहे. संख्येच्या जागी अक्षर तिथे येतं, आणि नावाची गोष्ट खडू-फळ्यावर सुरू होते. एका मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, काल क्ष सात निघाला होता ना, मग आज चार कसा?" वर्ग हसला. पण प्रश्न पहिल्या दर्जाचा होता. कालचा क्ष कालच्या उदाहरणापुरता होता. उदाहरण संपलं, क्ष संपला. आजचा क्ष नवा आहे, नाव तेवढं सारखं. हे आपण कधी तोंडाने सांगतच नाही. 'समजा क्ष मानू' असं म्हणून सरळ पुढे जातो. माझ्या वर्गात आता उदाहरण सुरू झालं की फळ्यावर चौकट आखायची, चौकटीच्या डोक्यावर नावं लिहायची, आणि उदाहरण संपलं की चौकट बंद करायची, अशी पद्धत आहे. आणि दर वेळी क्षच कशाला? केळी असतील तर 'के', कापसाच्या गाठी असतील तर 'गा'.

ही काही माझी कल्पना नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला सहल नेता ना तुम्ही? तिथल्या देवळात शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो लेख जगापुढे आणला. मुलं धबधबा बघतात, माकडं बघतात, आणि तो लेख राहून जातो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात संख्यांना रंगांची नावं आहेत. ही रीत त्यांच्याही आधीची, पण त्यांच्या हातात ती फार सुंदर चालते. पहिला अज्ञात 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढा असेल तेवढा'. मग कालक, नीलक, पीतक, लोहितक: काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना फक्त पहिलं अक्षर: या, का, नी, पी, लो. एकही अक्षर दुसऱ्यासारखं नाही, मिसळायची सोयच ठेवलेली नाही.

त्यातलं एक कोडं सातवी-आठवीच्या हुशार मुलांना जरूर द्या. चार माणसांकडे घोडे, उंट, खेचरं आणि बैल आहेत. पहिल्याकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरं, ७ बैल. दुसऱ्याकडे ३, ७, २, १. तिसऱ्याकडे ६, ४, १, २. चौथ्याकडे ८, १, ३, १. चौघांची संपत्ती सारखीच. तर एकेका जनावराची किंमत काय? अज्ञात चार: घोडा या, उंट का, खेचर नी, बैल पी. पण समीकरणं तीनच मिळतात, म्हणजे उत्तर एक नाही, अनंत आहेत. ती सगळी उत्तरं एकदम सांगायला आणखी एक संख्या लागते, आपल्याला हवी ती धरायची. तिच्यासाठी भास्कराचार्य नवा रंग आणतात, लोहितक. घोडा ८५ लो, उंट ७६ लो, खेचर ३१ लो, बैल ४ लो. लो ला १ धरला तर प्रत्येकाची संपत्ती ८५३ येते, २ धरला तर १७०६. मुलांना बेरीज करून बघू द्या, चौघांचीही तेवढीच येते.

मग मुलांना विचारा, नवा रंग कशाला? जुनाच पिवळा वापरला असता तर? बैल म्हणजे पी. आणि बैल म्हणजे ४ पी. म्हणजे पी बरोबर ४ पी. असं कधी होईल? पी शून्य असेल तरच. म्हणजे बैल फुकट, आणि मग घोडा, उंट, खेचर सगळेच फुकट. आमच्या वर्गात हे कळल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मंग बाजार भरस कसाले?"